दहाला आठ मिनिटं कमी : एका छोट्या संगीत महोत्सवातली संध्याकाळ

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी दर जानेवारीत, एका शनिवारी संध्याकाळी, छोटासा संगीत महोत्सव भरतो. गाणाऱ्यांनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली गाणी तिथे ऐकायला मिळतात. मी पहिल्या वर्षापासून त्यात आहे. इथे सांगतेय ती चौथ्या वर्षाची संध्याकाळ. मंचाचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे कोण कधी चढणार, कधी उतरणार, कुणाला किती माइक लागणार. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि वेळा मात्र त्या रात्रीच्या माझ्या वहीतल्या आहेत.

असा महोत्सव लागतो कशाला, हे आधी सांगते. आमच्या गावात वाद्यवृंदांना तोटा नाही. लग्न, गणपती, वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ, कुठेही सिनेमाची गाणी वाजवणारे तयारीचे वादक मिळतात आणि त्यावर त्यांची घरं चालतात. पण त्यांच्यातल्याच एखाद्या मुलाने स्वतःचं गाणं वाजवायचं म्हटलं, तर त्याला जागा नसते. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा बँडवाल्यांचा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून इथली मुलं तिकडे जाऊन ऐकून येऊ लागली आणि परतल्यावर विचारू लागली, हे आपल्याकडे का नाही? ऐकणारे इथे आहेतच. जवळच मिरज आहे. तिथल्या सतारींना आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात दर वर्षी संगीत सभा होते. मांडी घालून तास-दोन तास गप्प बसणारा श्रोता या भागाला नवीन नाही. स्वतःचं गाणं घेऊन येणाऱ्याला तो मिळत नव्हता, एवढंच.

जागा एका जुन्या वाचनालयाचं पटांगण. एका टोकाला मंच, दुसऱ्या टोकाला वाचनालयाची दगडी इमारत आणि तिच्यात १४० खुर्च्यांचं सभागृह. पटांगणाच्या दोन बाजूंना वस्ती. तिकीट ३०० रुपये. संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, आणि आमच्याकडे त्यापलीकडे तिकीट ठेवलं तर महाविद्यालयातली मुलं येणार नाहीत. त्या वर्षी ३८० तिकिटं गेली. पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी होती. आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवानाही होता. गाणी स्वतःची असली की परवाना लागत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण गीतकार-संगीतकार त्या संस्थेचे सभासद असतील तर जाहीर सादरीकरणाचा हक्क संस्थेकडे असतो. आमच्या सहापैकी दोन गटांत असे सभासद होते.

आखणी कशी होती

सहा गट. पहिल्या चौघांना प्रत्येकी ३० मिनिटं, पाचव्या गटाला ४०, शेवटच्याला ४५. दोन गटांच्या मध्ये सामान हलवायला १० मिनिटं. सुरुवात ५.३० ला, शेवट ९.४५ ला. हाताशी १५ मिनिटं.

पाचवा गट पुण्याचा, पाच जणांचा, ड्रम्स-बेस-दोन गिटारवाला. अर्धी तिकिटं त्यांच्यामुळे खपली होती. सहावा गट तालुक्याच्या गावाहून आलेल्या तिघांचा: दोघी बहिणी आणि त्यांचा आतेभाऊ. थोरली २२ वर्षांची, गाते आणि साधी लाकडी गिटार वाजवते. धाकटी हार्मोनियमवर, आतेभाऊ दिमडीवर. साखर कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचं एक गाणं आहे, पहाटेच्या एसटी स्टँडवर एक. तिकीट लावलेल्या मंचावर ते पहिल्यांदाच येत होते.

त्यांना शेवटी ठेवलं ते मुद्दाम. मोठा आवाज आधी आटपावा, रात्र चढेल तसा आवाज उतरत जावा, शेजारच्या घरांना झोपेच्या वेळी कमी त्रास व्हावा, असा विचार होता. शिवाय शेवटचं गाणं माणूस घरी घेऊन जातो. तिघांच्या गाण्यांना ती जागा शोभली असती. आजही मला हा विचार चुकीचा वाटत नाही. मात्र शेवटी ठेवलेल्याच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांचा उशीर येतो, हे आखणी करताना आमच्यातल्या कुणीच बोलून दाखवलं नाही.

पहिली अडचण : हम

दुपारी ४.४० ला ध्वनीवाल्या काकांनी स्पीकर सुरू केले आणि घूंऽऽ असा एकसुरी आवाज पटांगणभर पसरला. आवाज वाढवला की तोही वाढे. काकांनी सगळे माइक बंद केले तरी तो राहिला.

कारण तासाभरापूर्वीच्या एका साध्या बदलात होतं. आधीची तीन वर्षं मिक्सरचं, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जिथे जुळवतात त्या यंत्राचं, टेबल मंचाच्या कडेलाच असे. तिथून काकांना नीट ऐकू येत नसे, म्हणून यंदा टेबल प्रेक्षकांच्या मधोमध नेलं. योग्यच होतं ते. पण मंचावर वीज येत होती भाड्याच्या जनरेटरवरून, आणि टेबलापर्यंत तिथली वायर पोचेना. म्हणून कुणीतरी टेबलाची वीज वाचनालयाच्या भिंतीतल्या सॉकेटवरून घेतली. आता मंचाचं अर्थिंग वेगळं, टेबलाचं वेगळं, आणि दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट, माइकच्या सिग्नलची जाड केबल. दोन अर्थिंगमधल्या विद्युतदाबाचा फरक त्या केबलमधल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून वीज वाहवतो आणि आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची लय स्पीकरमधून ऐकू येते. वाजवणारे याला नुसतं ‘हम येतोय’ म्हणतात.

प्रेक्षक पाचपासून आत यायला लागणार होते. पुढे तीन वाटा होत्या.

पहिली, अर्थिंगची पिन काढणे. टेबलाच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला की अर्थिंग तुटतं आणि हम पाच मिनिटांत जातो. मंचावर उभ्या असलेल्या एका गिटारवाल्याने हेच सुचवलं आणि काकांच्या मदतनीसाने जोड खिशातून काढलाही. बहुतेक लग्नांत हेच होतं, हे मला माहीत होतं.

दुसरी, हम चालवून घेणे. पहिले दोन गट मोठ्या आवाजाचे होते, त्यांच्यात तो लपला असता. तिघांच्या गाण्यात लपला नसता.

तिसरी, टेबलाची वीज जनरेटरवरूनच आणणे. त्यासाठी ६० मीटर लांबीची, पुरेशा जाडीची तीन तारांची केबल लागणार होती. ती काकांच्या गोदामात, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी पिन काढू दिली नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला टेकतात. एका बाजूचं अर्थिंग तुटलं आणि कुठे वीज उतरली, तर दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे गाणाऱ्याचं शरीर. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक मंचावर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा तो वादक होता. हे मी काकांना त्या क्षणी सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, “काका, मुलं आपल्याच घरची आहेत.” काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मदतनिसाच्या हातातला जोड काढून घेतला. पंधरा वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने तेवढ्या लोकांसमोर माघार घेतली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

छोट्या टेम्पोने केबल आली, ती माणसांच्या पायाखाली येणार नाही अशी भिंतीकडेने टाकली, टेबल जनरेटरवर घेतलं. हम गेला. काकांनी मल्टिमीटर लावून गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात किती व्होल्ट येतात ते प्रत्येक माइकला पाहिलं. एक व्होल्टच्याही आत. तोवर ५.५० झाले होते. घाईघाईत साउंडचेक, म्हणजे वाद्यं-माइकची चाचणी, उरकून पहिला गट ६.१५ ला मंचावर आला. पंचेचाळीस मिनिटं गेली होती.

या निर्णयाबद्दल मला तिळमात्र पश्चात्ताप नाही. त्याची किंमत कोण भरणार, हे मात्र मी त्याच वेळी ठरवायला हवं होतं. ६.१५ ला मी एवढंच केलं, की पहिल्या चौघांना तीसऐवजी पंचवीस मिनिटं दिली. म्हणजे वीस मिनिटं वाचणार. हाताशी पंधरा होती. पंचेचाळीसपैकी पस्तीस भरून निघत होती, उरलेली दहा कुठेतरी निघतील असं धरून मी निश्चिंत झाले.

वेळ कुठे गेली

गटांनी फसवलं नाही. चौघांपैकी कुणीही सव्वीस मिनिटांच्या पुढे गेलं नाही. मध्यंतरांनी घात केला. वहीतले आकडे असे: १६ मिनिटं, १७, १९, २०. चार बदलांना चाळीस मिनिटं धरली होती, गेली बहात्तर.

सगळ्यांना एकच ड्रमसेट ठेवू, असं आम्ही कळवलं होतं. तरी तिसऱ्या गटाच्या ड्रमरने स्वतःचा स्नेअर (ड्रमसेटमधला एक छोटा ड्रम) आणि सगळ्या झांजा आणल्या, चौथ्याने दोन कीबोर्ड आणले, ज्यांची कल्पना आम्हाला नव्हती. दर वेळी काका आणि एक मदतनीस मिळून आठ-दहा वायरी काढत, नव्या लावत आणि मग प्रत्येक वाद्य एकेक करून तपासत. प्रेक्षकांना हा वेळ जाणवत नव्हता. चहाच्या टपरीवर गर्दी होती, थंडी छान पडली होती, माणसं गप्पा मारत होती. संध्याकाळ म्हणून ती सुरेखच चालली होती. दुसऱ्या गटातल्या मुलीने मालवणी बोलीतलं एक गाणं म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन आज्या उभ्या राहून ऐकत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की सगळा विचका झाला. तसं नव्हतं. घड्याळाकडे फक्त मीच बघत होते.

दहा म्हणजे दहा

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आपल्याकडे ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती अशांना जातात आणि जायलाही हवेत. जानेवारीतला आमचा शनिवार त्यात नव्हता. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, एके काळी पहाटेपर्यंत चालणारा. त्यानेही या नियमापायी रात्रभराच्या बैठकी सोडल्या आणि एखादा दिवस वगळता कार्यक्रम दहाच्या आत आणला. तिथे आम्ही कोण? आणि पलीकडच्या घरात उद्या पहाटे कामावर जाणारा माणूस झोपलेला असतो, हेही खरं.

८.५० : निर्णयाची वेळ

चौथा गट उतरला तेव्हा ८.५० झाले होते. दहाला सत्तर मिनिटं उरली होती आणि दोन गट बाकी होते. मी, महोत्सवाचे संयोजक आणि काका मंचामागे उभे राहिलो. चार गोष्टी बोलल्या गेल्या.

पोलिसांकडे अर्धा तास मागावा, असं संयोजकांना वाटत होतं. हा पर्याय नव्हताच. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांच्या हातात ती सूट नसते आणि मागून त्यांना अडचणीत टाकण्यात अर्थ नव्हता.

तिघांचा कार्यक्रम रद्द करून पुढच्या वर्षी पहिला क्रमांक द्यावा, हे दुसरं. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

तिसरं, क्रम बदलावा. तिघांना फक्त चार माइक लागणार होते. आठ मिनिटांत मंच तयार झाला असता, ८.५८ ते ९.२२ त्यांना चोवीस मिनिटं मिळाली असती. मग पुण्याचा गट ९.४० ला चढून ९.५८ ला उतरला असता.

चौथं, क्रम तोच ठेवून दोघांनाही वीस-वीस मिनिटं द्यावीत. पुण्याचा गट ९.१० ते ९.३०, तिघे ९.३८ ते ९.५८.

आम्ही चौथा पर्याय घेतला. त्याला कारणं होती. पुण्याच्या गटाचा ड्रमसेट मंचाच्या मागच्या भागात अर्धा लागलेला होता. प्रेक्षकांतले बरेच जण त्यांच्यासाठी आले होते, आणि ते आणखी लांबले तर माणसं चिडतील अशी भीती होती. रात्री मोठा आवाज नको हा मूळ विचारही होता. कागदावर दोघांना समान वेळ मिळत होता, त्यामुळे तो न्याय्यही वाटला.

आता बघते तेव्हा चूक स्पष्ट दिसते. समान वेळ दिला, पण धोका समान वाटला नाही. पहिल्याची वीस मिनिटं लांबली तर ती दुसऱ्याच्या वीस मिनिटांतून जाणार होती. दुसऱ्याचं लांबलं असतं तर ते दहाच्या नियमाने आपोआप कापलं गेलं असतं. ज्याचं वाजवणं नक्की लांबेल, त्याला शेवटी ठेवायचं आणि घड्याळाला त्याला थांबवू द्यायचं, असं करायला हवं होतं. पुण्याचा गट शंभर मंचांवर चढलेला आहे. अठरा मिनिटांत त्यांचं काही बिघडलं नसतं.

९.३० ते ९.५२

त्यांच्या गायकाला मी मंचावर चढताना सांगितलं, “दादा, वीसच मिनिटं.” त्याने मान हलवली. त्याने ऐकलं की नाही हे मी तपासलं नाही. ९.२५ ला मी विंगेतून टॉर्चने खूण केली. मंचावरच्या दिव्यांत ती दिसत नसणार. ९.३० ला पुन्हा. ९.३५ ला त्यांनी त्यांचं सगळ्यांना पाठ असलेलं गाणं सुरू केलं आणि तीनशे माणसं उभी राहून त्यांच्याबरोबर गायला लागली.

त्या क्षणी काकांना सांगून आवाज खाली आणणं माझ्या हातात होतं. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोनदा मान फिरवली. एवढ्या आनंदात असलेल्या गर्दीचं गाणं मधेच तोडायचं धाडस मला झालं नाही. माझ्याच बाजूला, पायरीवर, दिमडी मांडीवर घेऊन तो मुलगा बसला होता. तो काहीही बोलला नाही. नंतर कळलं की त्यांना वाटत होतं, आपण काही विचारणं बरं दिसणार नाही. ९.५२ ला पुण्याचा गट थांबला. गायक खाली आला, त्याला वेळ कळली आणि त्याचा चेहराच उतरला. तो मनापासून म्हणाला, “ताई, मला वाटलं दहापर्यंत आमचंच आहे.” त्याला छापून दिलेल्या वेळापत्रकावर त्याची वेळ होती, त्याच्यानंतर कोण आहे हे नव्हतं. तो दोष आमचा.

आठ मिनिटांतले पर्याय

तोवर पोलीस उपनिरीक्षक आणि एक हवालदार फाटकाशी येऊन उभे राहिले होते. शांतपणे, कुणालाही न हटकता.

तिघांना लगेच मंचावर नेऊन एक गाणं म्हणायला लावता आलं असतं. पण माइक लावेपर्यंत दोन-तीन मिनिटं उरली असती आणि गाणं मधे तुटलं असतं.

एका स्वयंसेवकाने सुचवलं, माइक बंद करू, पटांगणातच गोल करून बसू आणि तसंच गाऊ. सगळ्यांना ते फार आवडलं. मलाही. पण इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री दहानंतरची बंदी फक्त ध्वनिक्षेपकावर राहिलेली नाही. उघड्यावर वाजवलं जाणारं वाद्यही तिच्यात येतं. सूट आहे ती बंदिस्त जागेला, सभागृहासारख्या, आतल्या आत आवाज राहील अशा. दिमडी पटांगणात नव्हे, पण आत चालते.

म्हणून वाचनालयाचं सभागृह. मी उपनिरीक्षक साहेबांकडे गेले आणि काय करायचंय ते सांगितलं. ते स्वतः आत आले, खिडक्या लावून पाहिल्या, विचारलं, “स्पीकर?” म्हटलं, एकही नाही. “दारं बंद ठेवा, मॅडम. बाहेर गर्दी थांबू देऊ नका.” आमच्या परवानगीच्या पत्रात सभागृहाचा उल्लेख नव्हता. त्यांनी नियमाचा अर्थ समजून घेतला म्हणून जमलं. दुसरा अधिकारी ‘पत्रात नाही’ म्हणाला असता तर त्याचंही चुकलं नसतं.

मग तिघांना विचारलं. हे आधी विचारायला हवं होतं, पण निदान आता विचारलं. सांगितलं की तीन गोष्टी होऊ शकतात: आज इथेच आत, माइकशिवाय, किंवा महिन्याभरात फक्त तुमच्यासाठी एक कार्यक्रम, किंवा पुढच्या वर्षी, हवी ती वेळ. मानधन आज पूर्ण मिळेल, काहीही निवडलं तरी. थोरलीने बहिणीकडे पाहिलं. “ताई, आत चालेल. पण शेवटची एसटी साडेदहाची आहे.”

ही गोष्ट माझ्या वहीत कुठेच नव्हती. सहा गटांच्या वायरी, माइक, स्टँड सगळं लिहून घेतलं होतं. घरी कसे जाणार, हे विचारलं नव्हतं. दोन तरुण मुली आणि एक मुलगा, रात्री दहानंतर, चाळीस किलोमीटर. मी त्यांच्या आईला फोन लावला, स्वतः बोलले. रात्री माझ्याकडे राहतील, सकाळी पहिल्या गाडीला बसवते, असं सांगितलं. आई आधी थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “जेवलीत का पोरं?” जेवली नव्हती. चहाच्या टपरीवरची उरलेली सगळी भजी आणि पाव आत मागवले.

परिणाम

मंचावरून शेवटची घोषणा ९.५७ ला केली: पुढचं गाणं सभागृहात, माइकशिवाय, खुर्च्या १४०, उभं राहता येणार नाही. भीती होती की तीनशे माणसं दाराशी लोटतील. तसं झालं नाही. बरेचसे घरी निघाले. दारात मोजून ११८ जण आत आले. पुण्याच्या गटातले पाचही जण मागच्या रांगेत येऊन बसले.

१०.०९ ते १०.३७, अठ्ठावीस मिनिटं, पाच गाणी. उंच दगडी छत असल्याने थोरलीचा आवाज मागपर्यंत पोचत होता, हार्मोनियम मात्र सुरुवातीला तिच्या शब्दांवर चढत होता. दुसऱ्या गाण्यापासून धाकटीने भाता हलका केला. भोंग्याच्या गाण्यात दिमडीवर फक्त बोटांची टोकं होती. मी दाराशी उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की संध्याकाळभरात पहिल्यांदाच मी घड्याळ न बघता ऐकतेय.

हे चांगलं झालं म्हणून बाकीचं झाकू नये. ३८० जणांनी तिकीट काढलं होतं, शेवटचा गट ऐकला ११८ जणांनी. सहा जणांनी पैसे परत मागितले, ते दिले. सगळ्यात मोठं नुकसान तिघांचंच. मंचावरच्या पाच गटांचं प्रत्येक माइकचं वेगळं ध्वनिमुद्रण आणि दोन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण झालं होतं. तिघांच्या वाट्याला एका स्वयंसेवकाने मोबाइलवर घेतलेली फीत आली. नव्या कलाकाराला पुढचं काम मिळवायला त्या रात्रीचं मानधन तितकंसं उपयोगी नसतं, चित्रफीत असते. काकांनी नंतर एका रविवारी त्यांना बोलावून दोन गाणी मोफत ध्वनिमुद्रित करून दिली. भरपाई तेवढीच झाली.

रात्री अकराला घरी पिठलं-भात केला. धाकटी जेवता जेवता झोपली.

पुन्हा करायचं तर

पिन काढू न देण्याचा निर्णय आहे तसाच राहील. पण वीज कुठून येणार याचा आराखडा आता आदल्या दिवशी कागदावर काढतो, मंच आणि टेबल एकाच जनरेटरवर, आणि लांब केबल टेम्पोत आधीच असते.

दोन गटांमधला वेळ वीस मिनिटं धरतो. त्यासाठी सहाऐवजी पाचच गट बोलावतो. एक गट कमी करणं मला जड गेलं, कारण दर वर्षी चाळीसेक मुलं अर्ज करतात. पण सहा जणांना बोलावून सहाव्याला जागा न देण्यापेक्षा ते बरं. कुठला गट काय वाद्यं आणणार याची यादी आठवडाभर आधी घेतो, आणि यादीबाहेरचं वाद्य मंचावर चढत नाही. हा नियम केला त्या वर्षी यावरून एकाने मला फोनवर खूप सुनावलं, तरी.

वेळापत्रकावर प्रत्येकाच्या नावाखाली पुढच्या गटाचं नाव छापतो. विंगेत टॉर्चऐवजी मोठं आकडेवालं घड्याळ असतं, गाणाऱ्याला समोर दिसेल असं. आणि वेळ संपल्यावर आवाज खाली आणायचा अधिकार माझ्याकडून काढून काकांकडे दिला आहे. गर्दी गात असताना मी तो वापरू शकत नाही, हे मला कळलंय. काका वापरू शकतात.

पोलीस परवानगीच्या अर्जात पटांगणाबरोबर सभागृहही लिहितो, दहानंतर बंद दारांआड, ध्वनिक्षेपकाशिवाय. माहितीच्या अर्जात एक ओळ वाढली आहे: रात्री घरी कसे जाणार?

सभागृहातला शेवटचा कार्यक्रम आता ठरवूनच ठेवतो. त्यातून नवा प्रश्न उभा राहिलाय तो अजून सुटलेला नाही. खुर्च्या १४०, तिकिटं त्याच्या अडीचपट. असं ठरवून केलं त्या पहिल्या वर्षी फाटकावर आधी येणाऱ्याला टोकन दिलं, तर कामावरून सुटून सातला येणारे सगळे बाहेर राहिले. गेल्या वर्षी चिठ्ठ्या काढल्या, तर एका घरातल्या आईला टोकन मिळालं आणि मुलीला नाही. दोघीही आत न जाता निघून गेल्या. संयोजक म्हणतात, सभागृहाचं वेगळं तिकीट लावू. मला ते पटत नाही. येत्या बैठकीत पुन्हा तोच विषय आहे.